बंदरे का बदलतात?

या वर्षी बोलण्यासाठी आम्ही बंदरांचा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला हटकले. ते म्हणाले, "आपले गाव घाटमाथ्यावर. येथल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला असेल तो सहलीत. त्यांना बंदरांचा इतिहास ऐकवून काय साधणार?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही त्यांना बाजारात नेऊन दिले. विजेच्या सामानाच्या दुकानातले दिवे, मुलांची खेळणी, मोबाइलचे चार्जर, वाण्याकडचे कॅलिफोर्नियाचे बदाम आणि ब्रह्मदेशातून आलेली तूर यांपैकी बहुतेक वस्तू कोणत्या ना कोणत्या बंदरातून, लोखंडी पेटीत बंद होऊन, घाट चढून आल्या होत्या. आणि नाशिककडची द्राक्षे त्याच वाटेने उलट दिशेने रॉटरडॅमला जातात. तात्पर्य, समुद्र आपल्या अंगणात नसला तरी दुकानात आहे. बंदर बदलले की दुकानातल्या मालाचा भाव बदलतो, शेतमालाची वाट बदलते, आणि कोणाचे तरी गाव बदलते. यांपैकी शेवटची गोष्ट आपण बहुधा विसरतो.

सर्वसाधारण समजूत अशी, की बंदर हे निसर्गाने दिलेले असते. खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा आणि जहाजे उभी राहण्यास जागा एवढे असले म्हणजे बंदर झाले. ही समजूत अपुरी आहे असे आम्हांस वाटते. निसर्गाने चांगले पाणी दिले आणि बंदर मात्र झाले नाही, अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. उलट पाणी वाईट असूनही शतकानुशतके भरभराटीस आलेली बंदरेही आहेत. बंदराला पाणी लागते, तशीच मागच्या मुलखात जाणारी वाट लागते; आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपला माल येथे अडणार नाही, लुटला जाणार नाही, याची व्यापाऱ्याला हमी लागते. पाणी, वाट आणि हमी यांपैकी एक जरी हलली, तरी व्यापारी दुसरे बंदर शोधू लागतो. हा नियम आजचा नाही. तो किती जुना आहे हे पाहावयाचे तर आपल्याला कल्याणला जावे लागेल.

कल्याण आणि भडोच

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवजा पोथी लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचे नाव आपणांस ठाऊक नाही. पण तो माणूस व्यवहारी होता, आणि कोणत्या बंदरात काय विकते व काय मिळते याची त्याने बारकाईने नोंद केली आहे. या पोथीत आपल्या किनाऱ्यावरची सुप्पर म्हणजे सोपारा, कलिएन म्हणजे कल्याण आणि सेमुल्ल म्हणजे चौल ही नावे येतात.

कल्याणविषयी तो जे सांगतो ते मोठे उद्बोधक आहे. थोरल्या सारगनाच्या वेळी, म्हणजे कोणा सातकर्णी राजाच्या काळी, हे बंदर कायदेशीर पेठ म्हणून चालत होते. पुढे ते संदनेसाच्या ताब्यात गेले आणि तेथील व्यापाराला अडथळे होऊ लागले. इतके, की एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे आलेच, तर ते पहाऱ्यात घालून बरिगाझाला, म्हणजे भडोचला, नेले जाण्याचा संभव असे. हा संदनेस कोण, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. उत्तरेकडे क्षत्रपांची सत्ता होती, दक्षिणेकडे सातवाहनांची. आणि दोघांच्या झगड्यात कल्याणचा व्यापार भडोचकडे वळला.

आता भडोचचे पाणी कसे होते? तोच लेखक सांगतो, की नर्मदेच्या मुखाशी शिरणे अत्यंत धोक्याचे आहे, भरती-ओहोटीचा वेग भयंकर आहे, आणि म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे येतात व परक्या जहाजांना वाट दाखवीत आत नेतात. म्हणजे पाणी वाईट, पण व्यवस्था चांगली. कल्याणला उल्हास नदीची खाडी होती, नाणेघाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाणारी वाट होती; परंतु हमी गेली होती. परिणाम असा झाला, की पैठणचे अकीक आणि तगरचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचे, कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाऊ लागले. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर त्याच्याही पुढे दहा दिवसांवर, असा हिशेब त्याने दिला आहे. जवळचे बंदर सोडून महिनाभराची वाट चालणारी ती बैलगाडी पाहिली, म्हणजे 'पर्यायी बंदर' ही कल्पना आजच्या व्यापारशास्त्राने काढलेली नव्हे, हे ध्यानात येते.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. मुलूख फिरला, नाणे फिरले, आणि कल्याणचेही दिवस फिरले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी वारंवार भेटतात. ज्या गावाचे व्यापारी डोंगरात लेणी कोरण्यास पैसा देऊ शकतात, त्या गावाची पेठ चालू होती असे म्हणावयास हरकत नसावी.

सुरत, मुंबई आणि वेंगुर्ले

मधली शतके आम्ही भरभर ओलांडतो. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरचे पहिले बंदर सुरत होते. मुंबई बेटे १६६१ च्या विवाहाच्या तहाने इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्या वेळी मुंबईत काय होते? उत्तम खोल पाणी आणि दलदल. मागे जाणारी वाट नव्हती. सह्याद्रीची भिंत आडवी होती. तरीही १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. तापीच्या मुखाशी गाळ साचत होता. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वाऱ्यांनी मोगलांच्या हमीची किंमत किती, हे सर्वांना दाखवून दिले होते. आणि सुरतेत कंपनी ही मोगलांची कूळ होती, मुंबईत ती मालक होती.

तथापि ठाणे हलले म्हणून व्यापार लगेच हलत नाही. तो माणसांबरोबर हलतो. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईस जहाजे बांधण्यासाठी आले, हे आम्हांस ठाणे हलविण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. त्यांच्यामागे त्यांचे घराणे आले, कसब आले. आणि वाट? ती यावयास आणखी शंभर वर्षे लागली. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली झाला. आगगाडी १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट चढली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटून मँचेस्टरचा कापूस बंद पडला होता, आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर ओतला जाऊ लागला. मुंबईचे पाणी निसर्गाचे खरे. पण मुंबई बंदर घाटातल्या रुळांनी घडविले.

याच गोष्टीची दुसरी बाजू कोकणातल्या लहान बंदरांनी सोसली. वेंगुर्ल्याचे उदाहरण घ्या. बेळगाव भागाचा माल घाट उतरून वेंगुर्ल्यास यावा आणि गलबतांत चढावा, असा परिपाठ होता. १८८८ च्या सुमारास गोव्यातल्या मुरगावहून आगगाडी घाट चढून वर गेली, आणि बेळगावचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचा समुद्र तोच होता, कोळी तेच होते, वखारीही त्याच होत्या. फक्त वाट दुसरीकडे गेली. बंदर मरते तेव्हा मोठा आवाज होत नाही. वखारीला एक वर्ष कुलूप राहते, दुसऱ्या वर्षी कौले उतरतात, आणि मग मुलगा मुंबईच्या गिरणीत जातो. कोकणच्या कित्येक घरांचा इतिहास या तीन वाक्यांत सामावलेला आहे.

पेटीचा प्रवेश

आता आपण विसाव्या शतकाच्या मध्यावर येतो. त्या वेळचा बंदराचा धक्का डोळ्यांसमोर आणा. जहाज लागले, की शेकडो माणसे कामाला लागत. पोती, गाठी, पिंपे, खोकी यांतील प्रत्येक नग हाताने उचलायचा, आकड्याने ओढायचा, जाळ्यात भरून वर चढवायचा आणि पोटात पुन्हा हाताने रचायचा. जहाज समुद्रावर जेवढे दिवस चाले, जवळजवळ तेवढेच दिवस धक्क्यावर पडून राही. चोरी होई, मोडतोड होई, माणसे जायबंदी होत. परंतु त्या कामावर हजारो चुली पेटत होत्या. मुंबईत गोदी कामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९४८ च्या कायद्याने रोजंदारीच्या गोदी कामगाराला काहीसे स्थैर्य आले.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत न्यूअर्कच्या धक्क्यावरून 'आयडियल एक्स' नावाचे एक जुने तेलवाहू जहाज ह्यूस्टनला निघाले. त्याच्या पाठीवर ५८ लोखंडी पेट्या होत्या. ही कल्पना माल्कम मॅक्लीन यांची. हे गृहस्थ दर्यावर्दी नव्हते. मालमोटारींचा धंदा करणारे होते. त्यांचा विचार अगदी साधा होता. माल पुन्हा पुन्हा उचलण्यापेक्षा मोटारीची पेटीच जहाजावर का चढवू नये? तेव्हा सुटा माल चढविण्यास टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडत. या जहाजाचा हिशेब १६ सेंटांच्या आतच निघाला. पुढे १९६८ च्या सुमारास पेट्यांची मापे जगभर ठरली, वीस फुटी आणि चाळीस फुटी. आज बंदरांची उलाढाल वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानेच मोजतात. त्या ५८ पेट्यांच्या जागी आजची सर्वांत मोठी जहाजे अशा २४ हजार पेट्या वाहतात. त्यांची लांबी ४०० मीटर असते आणि त्यांना सोळा मीटरहून अधिक खोल पाणी लागते.

या पेटीने बंदरांची जुनी प्रतवारी उलथून टाकली. जुने बंदर शहराच्या पोटात असे, कारण हमाल, दलाल, वखारी आणि बाजार शहरात असत. पेटीला यांतले काही नको. तिला हवी मोकळी जमीन, उंच याऱ्या, खोल पाणी आणि बाहेर जाणारा रुंद रस्ता. लंडनच्या गोद्या १९६७ पासून एकामागून एक बंद पडू लागल्या आणि १९८१ पर्यंत प्रसिद्ध रॉयल गोद्याही बंद झाल्या. त्यांची जागा घेतली कोणी? फेलिक्स्टो या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावाने. तेथे १९६७ साली पेट्यांचा धक्का झाला आणि आज ते ब्रिटनचे सर्वांत मोठे कंटेनर बंदर आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचे धक्के ओस पडले आणि खाडीपलीकडच्या न्यूअर्क-एलिझाबेथच्या पाणथळीत नवे बंदर उठले.

खाडीपलीकडचे बंदर

मुंबईचेही तेच झाले. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, अलेक्झांड्रा डॉक ही एकोणिसाव्या व विसाव्या शतकाच्या संधिकालातील मोठी कामे. पण त्यांच्या पाठीला मस्जिद बंदर आणि भायखळा चिकटलेला. पेट्या उतरवून ठेवाव्यात कोठे, आणि त्यांच्या लांब मोटारी न्याव्यात कोणत्या रस्त्याने? म्हणून खाडीच्या पलीकडे, घारापुरीच्या बेटामागे, उरण परिसरातील न्हावा आणि शेवा या गावांच्या किनाऱ्यावर नवे बंदर बांधण्यात आले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. त्याच्या जवळजवळ बरोबरीनेच, १९८८ साली, रेल्वेने पेट्या वाहण्यासाठी कंटेनर कॉर्पोरेशन स्थापन झाले. १९९९ साली न्हावा शेव्याला देशातील पहिला खासगी कंटेनर धक्का चालू झाला. पाहता पाहता मुंबईच्या जुन्या गोदीतील पेट्यांची वाहतूक नावापुरती उरली, आणि २०२३-२४ साली न्हावा शेव्याने सुमारे ६४ लाख पेट्या हाताळल्या.

येथे आम्ही थोडे थांबतो. ही जमीन रिकामी नव्हती. तेथे भातशेती होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची गावे होती. नव्या मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी घेतल्या जात असता दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तत्त्व मान्य झाले, पण बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना प्रत्यक्ष भूखंडांसाठी पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले. जहाजाची पेटी काही तासांत उतरते. माणसाचा हक्क उतरावयास एक पिढी लागते. खाडीच्या अलीकडच्या काठावर गोदी कामगार कमी होत गेला आणि पलीकडच्या काठावर मिठागरवाला. नव्या बंदराच्या दोन्ही बाजूंना अशी किंमत चुकती झाली आहे, आणि तिचा आकडा कोणत्याही वार्षिक अहवालात छापलेला नसतो.

दुकानदार दोन दारे ठेवतो

पूर्वी कोणते बंदर चालावे हे राजा ठरवी, पुढे कंपनी ठरवू लागली. आज ते ठरविण्यात एक नवाच घटक शिरला आहे. तो म्हणजे मोठा किरकोळ दुकानदार. हजारो दुकाने चालविणाऱ्या पेढीला माल स्वस्त मिळून भागत नाही, तो दिवाळीच्या आधी मांडणीवर लागला पाहिजे. दिवाळीनंतर आलेली आकाशकंदिलांची पेटी फुकट मिळाली तरी महागच.

२००२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरे मालक आणि कामगार यांच्या तंट्यात दहा दिवस बंद राहिली. आशियातून येणारा माल बहुतांशी लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांतून येत असे. नाताळच्या तोंडावर माल समुद्रात अडकला. या धड्यानंतर वॉलमार्ट, होम डेपो यांसारख्या पेढ्यांनी आपल्या वखारी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर वाटून टाकल्या. जॉर्जियातील सॅव्हाना आणि टेक्ससमधील ह्यूस्टन ही बंदरे या वखारींमुळे वाढली. येथे क्रम उलटा झालेला पाहा. पूर्वी बंदर असे म्हणून वखार येई. आता वखार आली म्हणून बंदर वाढले. असतील शिते तर जमतील भुते, ही आपली म्हण जहाजांनाही लागू पडते.

२०२१ साली महामारीनंतर मागणी उसळली तेव्हा त्याच जुळ्या बंदरांबाहेर शंभरावर जहाजे ताटकळत उभी राहिली, आणि २०२२ च्या उत्तरार्धात काही महिने न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या बंदराने लॉस एंजेलिसला मागे टाकले. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे एकच जहाज सुएझमध्ये आडवे झाले आणि सहा दिवस कालवा तुंबला. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरचा पूल एका कंटेनर जहाजाच्या धडकेने कोसळला. त्या बंदराचा माल नॉरफोक आणि न्यूयॉर्कने घेतला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, आणि मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. वास्को द गामाने १४९८ साली जी वाट काढली, तीच पाचशे वर्षांनी पुन्हा कामास आली. नाशिकच्या द्राक्षांना २०२४ च्या हंगामात युरोपला पोहोचावयास सुमारे पंधरा दिवस अधिक लागले. येमेनच्या किनाऱ्यावरचा तंटा निफाडच्या बागाईतदाराच्या पट्टीत उतरला, तो असा.

नवी बंदरे आणि जुना नियम

आपल्याकडेही पर्याय उभे राहिले आहेत. कच्छच्या आखातातील मुंद्रा बंदर १९९८ साली चालू झाले आणि गेल्या काही वर्षांत पेट्यांच्या उलाढालीत त्याने न्हावा शेव्यास मागे टाकले. उत्तर हिंदुस्थानचा माल तिकडून नेणे अनेकांना सोयीचे वाटते. वाट बदलली, हाच वेंगुर्ल्याचा नियम येथेही दिसतो. दक्षिणेस केरळमध्ये विझिंजम येथे ११ जुलै २०२४ रोजी पहिले मोठे कंटेनर जहाज लागले आणि २ मे २०२५ रोजी बंदराचे रीतसर उद्घाटन झाले. तेथे निसर्गतःच अठरा ते वीस मीटर पाणी आहे, आणि पूर्व-पश्चिम जलमार्ग जवळून जातो. आजवर आपल्या कित्येक पेट्या लहान जहाजांतून कोलंबोस जाऊन तेथे मोठ्या जहाजावर चढत. हा हेलपाटा वाचावा, ही विझिंजममागील कल्पना आहे.

पण बंदर बांधले की जहाजे येतातच, असे मानू नये. याच हेतूने कोचीजवळ वल्लारपाडम येथे २०११ साली मोठा धक्का सुरू झाला. तेथे पाणी खोल ठेवण्यासाठी सतत गाळ उपसावा लागे, आणि विदेशी जहाजांना किनारपट्टीची वाहतूक करण्यास मनाई करणारा नियमही आड आला. कोलंबोचा व्यापार फारसा हलला नाही. श्रीलंकेने हंबनटोटा येथे २०१० साली बंदर उभारले. जहाजे पुरेशी आली नाहीत, आणि २०१७ साली ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. नुसत्या पाण्याने बंदर होत नाही, हे आम्ही आरंभीच म्हटले होते.

शेवटी महाराष्ट्राच्या दाराशी येऊ. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाचे बंदर बांधण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. न्हावा शेव्याचा मार्ग गाळ उपसून खोल ठेवावा लागतो. वाढवणला किनाऱ्यापासून आत सुमारे वीस मीटर पाणी निसर्गतः मिळते. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के तेथे योजले आहेत, आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे.

या बंदराची गोष्टही नवी नाही. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले, आणि १९९८ साली त्या प्राधिकरणाने वाढवणच्या तत्कालीन बंदर योजनेस नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या योजनेस काही अटींवर संमती दिली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा विरोध मात्र दोन्ही वेळी तोच होता. त्यांचे म्हणणे असे, की भराव जेथे पडणार तेथे आमची जाळी पडतात. हे म्हणणे भावनेचे नाही, हिशेबाचे आहे. शेतकऱ्याच्या शेताला सातबारा असतो. कोळ्याच्या समुद्राला नसतो. जमीन गेली तर मोबदला कोणाला द्यावयाचा हे निदान कागदावर दिसते. मासळीचे पाणी गेले तर कोणाच्या नावाने हिशेब मांडावयाचा? उरणच्या वेळी जे प्रश्न उशिरा विचारले गेले, ते येथे आधी विचारले जावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. बंदर हवे की नको, यावर श्रोत्यांत मतभेद असतील. आम्ही त्यांत पडत नाही. परंतु ज्याचा किनारा वापरावयाचा, त्याचा हिशेब पहिले जहाज लागण्यापूर्वी चुकता व्हावा, याविषयी मतभेद असण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

सोपारा आज वाढवणच्याच जिल्ह्यात आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि बुरूड राजाच्या कोटाखालून स्तूप निघाला. ज्या खाडीतून एके काळी परदेशी जहाजे येत, तिच्या काठी आज लोकलगाडीतून हजारो माणसे कामाला जातात. आणि कल्याणच्या शेजारी भिवंडीला, जेथे पूर्वी हातमाग व यंत्रमाग खडखडत, तेथे आता मोठमोठ्या वखारी उभ्या आहेत. न्हावा शेव्याहून आलेला माल तेथे उतरतो आणि तेथून आपल्या गावच्या दुकानांत येतो. दोन हजार वर्षांनी व्यापार पुन्हा जवळजवळ त्याच मुलखात येऊन बसला आहे. फरक एवढाच, की त्या काळी भडोचच्या मुखाशी कोळी परक्या जहाजाला वाट दाखवीत आत नेई, आणि त्याबद्दल राजा त्याला चाकरी देई. आजचा कोळी धक्क्यावर उभा राहून जहाजाकडे पाहतो. नव्या बंदरात त्याला कोठली जागा मिळणार, हे ठरावयाचे आहे. आणि ते ठरविण्यात, पुढच्या दिवाळीला दुकानातून दिवा विकत घेणाऱ्या आपणा सर्वांचाही वाटा आहे, हे आमच्या त्या स्नेह्यांना आम्ही बाजारातून परतताना सांगितले.